मागच्या खोलीचे थर

सोमवार, ३ तारीख

ही वही भिंगवाल्या मॅडमनी दिली, ज्या जुन्या घरांचे रंग तपासतात. पुढच्या पानांवर भिंतींची नोंद करायची. कुठल्या खोलीत किती थर, वर कुठला रंग, खाली कुठला. मागची पानं रिकामीच राहणार, म्हणून ती मी घेतली. मॅडम वही पुढूनच उघडतात. मागून उघडली तर मी जिन्यावरून उडी टाकेन.

मामा रंगारी आहे आणि मी त्याच्या हाताखाली. शाळा आठवीतच सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. धडा वाचायला उभं केलं की घशात बूच बसायचं, आणि मग सगळा वर्ग मजा बघत बसायचा. भिंत वाचायला सांगत नाही. इथे बरं आहे.

घर तीन मजली. दारावर दगडात १८७१ कोरलंय. मॅडम त्याला व्हिक्टोरियन म्हणतात, मामा 'राणीच्या जमान्यातलं धूड' म्हणतो. रंगीत काचा, लोखंडी जिना, प्रत्येक खोलीत शेकोटीची जागा. स्वयंपाकघरात एका फळीवर नऊ घंटा आहेत, एका एका खोलीची एक एक. वरून दोरी ओढली की खाली वाजायची आणि नोकर धावायचे. नवीन साहेबांनी घर घेतलंय. त्यांना इथे पाहुण्यांसाठी महागडं हॉटेल करायचंय, आणि घराचा इतिहास दारात पितळी पाटीवर लावायचाय.

बुधवार, ५ तारीख

आज मॅडमनी शिडी शिकवली. चढायची नाही, भिंतीतली. बारीक ब्लेडने पहिला थर बोटभर उघडायचा. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, असं खालच्या गिलाव्यापर्यंत. मग भिंतीवर पायऱ्यांसारखे रंग दिसतात. मामाचा हात जड आहे, तो दोन थर एकदम उडवतो. माझा हात बसला. मॅडम भिंगातून बघत म्हणाल्या, "अरे वा, हिच्या बोटांना डोळे आहेत की!" मामा म्हणाला, "बोटांनाच आहेत. तोंडाचं काय ते विचारू नका."

दिवाणखान्यात पाच थर निघाले, म्हणजे पाच मालक. सगळ्यात खाली गडद हिरवा, तो घर बांधणाऱ्या दोरवाल्याचा. जहाजांना दोर विकायचा. त्याच्यावर चॉकलेटी, न्यायाधीशाचा. मग लोण्याचा रंग, गुळगुळीत ऑइल पेंट, डॉक्टरांचा. मग निळा, टायपिंगच्या क्लासवाल्या बाईंचा. वर गुलाबी, तो फर्निचरवाल्याचा. गुलाबी बघून मामा म्हणाला, ह्याला घर नको होतं, केक हवा होता.

मी सगळं लिहिलं. एकेक माणूस येतो, आधीच्याला झाकतो, आणि स्वतः झाकला जातो. मॅडमना दाखवलं नाही.

मंगळवार, ११ तारीख

घरात अजून एक माणूस आहे. वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत एक बाई राहतात. सत्तरीच्या पुढे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, अजून दार वाजवलं की आतून "बोला" म्हणतात. मालक बदलले, बाई तिथेच. मामा म्हणतो डॉक्टरांच्या मृत्युपत्रात आहे तसं, की माझी मुलगी जिवंत आहे तोवर वरची मागची खोली तिची. म्हणून घर विकलं की बाईंसकटच विकलं जातं. गल्लीत त्यांना राजकन्या म्हणतात. त्यांच्या माघारी.

आज त्यांच्या दाराची चौकट घासत होते. दार उघडलं.

"कुठून आलीस?"

मी जिन्याकडे बोट दाखवलं.

"पुढच्या जिन्याने? कामवाल्यांनी मागच्या जिन्याने यायचं. बाबांच्या वेळेपासून नियम आहे." मी चौकट घासत राहिले. "ऐकू येतं का? की मुकी आहेस?"

घशात बूच. त्या हसल्या. "बरं झालं. मुकी असलेली बरी. फोनवर आयुष्यभर लोकांची बडबड ऐकली मी."

तेव्हापासून मला "ए मुके" म्हणतात. दिवसभरात दहा वेळा. ए मुके, पाय पूस. ए मुके, तो बादलीचा आवाज बंद कर. मामा खाली दात काढत असतो.

शुक्रवार, १४ तारीख

मी बोलत नाही म्हणून बाई माझ्याशी बोलतात. मी चौकट घासायची, त्यांनी खुर्ची दारात ओढायची, आणि सुरू. कोणत्या खोलीत कोण झोपायचं, न्यायाधीशाचं भूत कसं जिन्यावर खोकायचं. डॉक्टरांना आधीची एक मुलगी होती, ती लग्न करून दूर गेली आणि तिकडेच वारली. "धाकटी मी," बाई म्हणाल्या. "तिला पुढची खोली, मला ही. पण माझी खोली पण लोण्याच्या रंगाची होती हो. बाबांनी स्वतः लावून दिला."

डॉक्टर कशाला भिंत रंगवतील? पण मी काय बोलणार.

मग म्हणाल्या, "आई इतकी दमायची. चौथी घंटा वाजली की हातातलं टाकून वर धावायची."

मी हात थांबवला. घंटा वाजली की नोकर धावतात, मालकीण कशाला धावेल? बाईंच्या पण लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्ची फिरवली. पण गप्प बसवेना त्यांना. थोड्या वेळाने परत म्हणाल्या, दुपारी सगळे झोपले की डॉक्टर ह्या खोलीत यायचे, बूट हातात घेऊन. मग आई ह्यांना सांगायची, जा, अंगणात कबुतरं मोज. ह्या मोजायच्या. एकदा एकशे चाळीस झाली तरी दार उघडलं नाही.

त्यांची आई आजारी असणार. डॉक्टर दुपारी तपासायला येत असतील. एवढा मोठा डॉक्टर बूट काढून यायचा म्हणजे चांगला माणूस असणार.

गुरुवार, २० तारीख

साहेब आज स्वतः माझ्याजवळ आले. माझ्या शिड्या बघितल्या, एकेक, वाकून. म्हणाले, "ह्या घराबद्दल आता तुझ्याएवढं कुणालाच माहीत नाही." मला. आठवीत शाळा सोडलेलीला.

मग म्हणाले, सगळ्या खोल्या झाल्या, एकच राहिली. इतिहासात भोक नको. बाई आत येऊ देत नाहीत, पण उद्या त्या डोळे तपासायला जाणार आहेत, दुपारपर्यंत येणार नाहीत. कपाटामागे छोटीशी शिडी कर, कपाट परत लाव. कुणाला कळणार पण नाही.

मामा नखातला रंग काढत होता. साहेब गेल्यावर म्हणाला, "काढ म्हणतायत तर काढ." माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

शुक्रवार, २१ तारीख

कपाट सरकवलं. ब्लेड लावलं. गुलाबी. निळा. आणि मग चुना! लोण्याचा रंग नाहीच. चुन्यावर चुना, निदान आठ वेळा हात मारलेला, आणि खाली थेट गिलावा. परत दुसरीकडे केलं, तेच. चुना.

डॉक्टरांच्या वेळी सगळ्या घराला ऑइल पेंट होता. चुना फक्त तीन ठिकाणी निघालाय. कोळशाची खोली, मोरी आणि स्वयंपाकघरामागची नोकरांची खोली. आता ही चौथी.

म्हणजे ही नोकरांची खोली. म्हणजे बाई डॉक्टरांची मुलगी वगैरे कोणी नाहीत. घंटा स्वयंपाकघरात वाजायच्या, म्हणजे स्वयंपाकिणीची लेक. मला पुढच्या जिन्यावरून हाकलणाऱ्या बाईंची आई घंटेवर धावायची!

खरं लिहिते. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी कपाट ढकलताना गुणगुणत होते. मग मॅडमसाठी पुढच्या पानावर 'चुना' लिहून टाकलं.

शुक्रवार, २८ तारीख

आज झालं ते सगळं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

साहेबांनी बाईंच्या खोलीवरून दावा लावलाय, त्याच्या चौकशीला दिवाणखान्यात सगळ्यांना बोलावलं होतं. कोर्टाने पाठवलेला एक माणूस आला होता, वर्षानुवर्षं चष्म्याच्या दोरीला गाठी मारत आला असावा असा दिसणारा. साहेब, त्यांचे वकील, भिंगवाल्या मॅडम, मामा, मी. बाई आल्या पुढच्या जिन्याने, इस्त्रीची साडी, केसात पिना, जणू पाहुणे त्यांच्याकडेच आलेत. बसल्या त्या शेकोटीजवळच्या खुर्चीत. साहेब उभेच राहिले.

वकील म्हणाले, मृत्युपत्रात नुसतं 'माझी मुलगी' आहे, नाव नाही. डॉक्टरांची मुलगी परगावी वारली. ह्या बाई कोण, त्याचा पुरावा काय?

बाई म्हणाल्या, "मी ह्या घरात जन्मले. पाच मालकांपैकी तीन मी बघितले. पुरावा मागणारे तुम्ही पहिले."

मग त्या माणसाने मॅडमना विचारलं, भिंती काय सांगतात? मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मागच्या खोलीत डॉक्टरांच्या काळात चुना होता. एवढंच भिंत सांगते. कोण राहत होतं ते रंगावरून सांगता येत नाही."

बाईंनी मान वर केली. त्यांना आत्ता कळलं की त्यांच्या खोलीत कोणीतरी ब्लेड लावलंय. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, माझ्यावरून नजर तशीच पुढे गेली. फळीवरून जावी तशी.

साहेब म्हणाले, "ज्या मुलीने ती भिंत उघडली तिलाच विचारा ना." आणि माझ्याकडे बघून हसले. "तुला माहितीये. सांग."

बाई म्हणाल्या, "ती? ती मुकी आहे."

आणि बूच उडालं. कसं ते मला माहीत नाही. मी बोलले. मोठ्याने, न अडकता, आयुष्यात पहिल्यांदा. चुना फक्त नोकरांच्या खोल्यांना होता, चार ठिकाणी, मी मोजलाय. लोण्याचा रंग ह्यांच्या खोलीत नाही, ह्या खोटं सांगतात. ह्यांची आई चौथी घंटा वाजली की धावायची, हे ह्यांनीच मला सांगितलं. डॉक्टर त्यांच्या आईला तपासायला दुपारी यायचे आणि ह्यांना अंगणात कबुतरं मोजायला पाठवायचे. मालकाच्या मुलीला कोणी अंगणात काढतं का? स्वयंपाकिणीच्या मुलीला काढतात.

कबुतरांचं बोलले तेव्हा वकिलांनी खाली बघितलं आणि ओठ दाबले. कोर्टाचा माणूस लिहिता लिहिता थांबला, मग म्हणाला, "'स्वयंपाकिणीची मुलगी' एवढंच लिहितो." मामा खिडकीबाहेर बघत होता.

बाई काही बोलल्या नाहीत. एक शब्द नाही. आता मुक्या कोण?

जाताना मॅडम जिन्यावर माझ्याजवळ थांबल्या. "भिंत चुना म्हणाली होती. पुढचं सगळं तू म्हणालीस." मग वही मागितली नाही, तशाच गेल्या. जळल्या असतील. त्यांना जमलं नाही ते मला जमलं.

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझी पाठ कुणी कधी थोपटली होती, आठवत नाही.

रविवार, १६ तारीख

निकाल लागला. महिनाभरात खोली रिकामी करायची होती, पण साहेबांनी थांबू दिलं नाही, आजच गाडी आणली. बाईंना सरकारी वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे म्हणे.

सामान किती? एक कपाट, ते जाईना म्हणून राहिलं. दोन पेट्या, एक खुर्ची. बाई निघाल्या तेव्हा पुढच्या जिन्यावर साहेबांनी नवीन गालिचा अंथरला होता. साहेबांचा माणूस म्हणाला, "आजी, इकडून नको. पायांची धूळ लागेल. मागून उतरा."

बाई थांबल्या. मी खाली उभी होते. मला वाटलं आता भांडतील. नाही भांडल्या. वळल्या आणि मागच्या जिन्याने उतरल्या, एकेक पायरी, कठडा धरून. तो जिना अरुंद आहे, कोळशाच्या गोण्यांसाठी केलेला. खाली यायला त्यांना खूप वेळ लागला. गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

गल्लीतले सगळे दारात उभे. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि मग थुंकला. नाल्यातच थुंकला, पण बघून थुंकला.

बुधवार, १९ तारीख

बाईंची खोली आम्हाला दिली. पूर्ण खरवडायची, लांबीचा लेप भरून सपाट करायची, वर छापील कागद लावायचा. एका रात्रीचं भाडं सगळ्यात जास्त ह्याच खोलीला, कारण मागे अंगण दिसतं.

पलंग होता त्या कोपऱ्यात मी ब्लेड लावलं. गुलाबी, निळा, आणि मग लोण्याचा रंग.

मला वाटलं डोळे गेले. ओलं फडकं मारलं. लोण्याचाच. ऑइल पेंट, दिवाणखान्यात आहे तोच. पलंगाएवढा तुकडा, लहान मुलाच्या पलंगाएवढा. त्याच्या भोवती सगळा चुना. कडा वाकड्यातिकड्या, ओघळ गेलेले, ब्रश आडवा पण उभा पण.

मामाला हाक मारली. त्याने बोट फिरवलं. "हा हात रंगाऱ्याचा नाही," म्हणाला. "ज्याने कधी ब्रश धरला नाही त्याचा आहे." मग बोट पँटला पुसलं.

मी म्हटलं, "बाई म्हणाल्या होत्या बाबांनी स्वतः लावून दिला."

"मग लावला असेल."

"पण त्या तर स्वयंपाकिणीच्या..."

मामाने खरवडायची पट्टी खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं जसं मी लहान आहे आणि गटारात काहीतरी शोधतेय. "स्वयंपाकिणीची. आणि डॉक्टरची. लग्नाच्या बायकोच्या मुलीला कोण मागची खोली लिहून देतं गं? नाव घालायची सोय नव्हती म्हणून नाव नाही घातलं. दुपारी बूट हातात घेऊन तो काय नाडी बघायला यायचा?"

बादलीवर बसले.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. साहेबांना पण. त्यांच्या वकिलाला पण. आधीच्या मालकांना पण. कोणी तोंडावर बोललं नाही. तिला डॉक्टरची लेक म्हणायचं आणि पुढे जायचं. साठ वर्षं चाललं. साहेबांना कोणीतरी बोलणारं हवं होतं. स्वतः बोलले तर म्हातारीला रस्त्यावर काढलं म्हणून नाव खराब."

"मग तू मला अडवलं का नाहीस?"

मामा पट्टी उचलून परत खरवडायला लागला. "मला वाटलं तू बोलणारच नाहीस. तू कधी बोलतेस?"

दुपारी साहेब आले. मी तुकड्याकडे बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि हसले नाहीत. म्हणाले, "चांगला निघालाय. आजच लांबी भरा." लांबी मीच भरली. दोन हात. पुढच्या पानावर नोंद करायला घेतली तर साहेबांनी वही मिटली. "ही खोली राहू दे."

गुरुवार, २७ तारीख

दारात पितळी पाटी लागली. दोरवाला, न्यायाधीश, डॉक्टर, टायपिंगच्या बाई, फर्निचरवाला, मग साहेब. प्रत्येकाचा रंग पण लिहिलाय. मी शोधलेला.

रविवार, ७ तारीख

आज वृद्धाश्रमात गेले. दोन बस बदलून. मामाला शिंप्याकडे जाते सांगितलं. वाटेत सगळं वाक्य पाठ केलं. 'बाई, तुमच्या पलंगाजवळ लोण्याचा रंग होता. तुम्ही खरं सांगत होतात.' एवढंच. माफी पण त्यात धरली होती.

लांब खोली, सहा खाटा. बाईंची दारापासून तिसरी. त्या इतक्या बारीक झाल्यात की आधी मला ती खाट रिकामी वाटली. केसात पिना नव्हत्या. शेजारच्या खाटेवर एक जाड बाई पाय चोळत बसली होती. ती ओरडली, "अहो डॉक्टरीणबाई! पाहुणे आले तुमच्याकडे! बंगल्यावरून आले की काय?" बाकीच्या हसायला लागल्या. रोजचंच असावं. हसणं अगदी सरावाचं होतं.

बाईंनी मला ओळखलं. मला वाटलं तोंड फिरवतील. पण त्या उठून बसल्या, पदर सारखा केला.

"आली बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "तुम्हाला खोटं वाटतं ना? विचारा हिला. हिने माझ्या घराच्या सगळ्या भिंती उघडल्यात. हिच्याएवढं कुणाला माहीत नाही." मग माझ्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदा मला मुके म्हणाल्या नाहीत. "सांग बाळ. माझ्या खोलीला कोणता रंग होता ते सांग ह्यांना."

सहाही जणी माझ्याकडे बघत होत्या. वाक्य तयार होतं. तोंडातच होतं.

घशात बूच बसलं.

मी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हाताने काहीतरी दाखवलं, एवढा तुकडा, पलंगाएवढा. त्यांना काय कळणार. जाड बाई म्हणाली, "शाबास! साक्षीला आणली ती पण मुकी!" आणि खोली नुसती फुटली. एकीला हसता हसता ठसका लागला.

"बोलते ती," बाई म्हणाल्या. "बोलते. मी ऐकलंय. घडाघडा बोलते. सांग ना गं."

जेवढं त्या म्हणत होत्या तेवढं सगळ्या जास्त हसत होत्या. शेवटी बाई पण थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग आडव्या झाल्या, पाठ केली आणि चादर डोक्यावर ओढली.

मी बराच वेळ उभी होते. कुणीतरी म्हणालं, "जा पोरी, भेटायची वेळ संपली."

परतीच्या बसमध्ये सगळं वाक्य आलं. अख्खं, न अडकता, मोठ्याने. बाजूला बसलेल्या बाईने माझ्याकडे बघितलं, पिशवी मांडीवर घेतली आणि उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.